अपराध्याची कैफियत
(आर्थर कोस्लर व आल्बेर कामू यांच्या मृत्युदंडविषयक निबंधांचें परीक्षण)

प्रचारासाठीं लिहिलेलें वाङ्मय तो प्रचार संपतांच मरतें, असा एक समज आपल्या टीकाकारांत बराच रूढ आहे. अर्जाचा मसुदा, सभेंतील ठराव, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहार यांचें काम एखाद्या माणसाचा जीव वांचविण्याचें. तो वांचला किंवा मेला कीं कागदाचें प्रयोजन सरलें, असें या मताचें सार सांगतां येईल. हें मत सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु क्रूर देहदंड आणि अन्यायाचे खटले यांच्याविरुद्ध गेल्या अडीचशें वर्षांत जी चळवळ देशोदेशींच्या सीमा ओलांडीत आली, तिचें वाङ्मय या मतास सहसा दाद देत नाहीं. १७६२ सालीं तुलूझ शहरीं झां कालास या वृद्ध प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यास पुत्रहत्येच्या खोट्या आरोपावरून चाकावर हाडें मोडून ठार मारण्यांत आलें. व्हॉल्टेअरनें तें प्रकरण हातीं घेतलें, युरोपभर पत्रें धाडलीं, सहिष्णुतेवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि १७६५ सालीं कालास निर्दोष होता असा निवाडा मिळविला. मेलेला कालास परत आला नाहीं. पण तो ग्रंथ अद्यापि वाचला जातो.

असें वाङ्मय कशाच्या बळावर टिकतें, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचें सामान्य उत्तर असें कीं, निरपराध माणसाच्या छळांत सर्व काळच्या वाचकांस हलविण्याचें सामर्थ्य असतें. कालास, १८९४ सालीं देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखालीं शिक्षा झालेला कॅप्टन ड्रेफस, किंवा ज्यांचा खटला निःपक्षपातीपणें चालला नाहीं आणि ज्यांस १९२७ सालीं अमेरिकेंत विजेच्या खुर्चींत बसवून मारलें गेलें ते साको व वान्झेट्टी हे दोन इटालियन मजूर, यांच्या कथा या उत्तरास पुष्टि देतात. तरीसुद्धां हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. निरपराधाची कैफियत मांडणें तुलनेनें सोपें असतें. वाचकाचें मन तेथें आधींच अनुकूल झालेलें असतें. ज्याचे हात खरोखरच रक्तानें भरलेले आहेत, त्याच्या वतीनें उभें राहतांना लेखकाची आणि चळवळीची खरी परीक्षा होते. या कसोटीस लावण्यासारखे दोन निबंध एकाच पुस्तकांत सांपडतात, म्हणून त्या पुस्तकाचा परामर्श येथें घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

हें पुस्तक १९५७ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झालें. त्यांत फांशीवरील कोस्लरचा निबंध व गिलोटिनवरील कामूचा निबंध एकत्र बांधलेले असून, झां ब्लॉक-मिशेल यानें त्यांस प्रस्तावनादि जोड दिली आहे. कोस्लरचा निबंध मूळ इंग्रजींत १९५६ सालचा. त्या वेळीं इंग्लंडांत फांशी चालू होती आणि फ्रान्सांत गिलोटिन. एक लेखक हंगेरींत जन्मून इंग्रजींत लिहूं लागलेला, दुसरा अल्जीरियांत जन्मलेला फ्रेंच. अशा दोघांनीं दोन देशांच्या दोन यंत्रांविरुद्ध एका पुस्तकांत दावा लावावा, यांतच या चळवळीचें आंतरराष्ट्रीय स्वरूप दिसून येतें.

कोस्लरला या विषयावर बोलण्याचा अधिकार कसा प्राप्त झाला, हें वाचकांस ठाऊक असणें अवश्य आहे. १९३७ च्या फेब्रुवारींत, स्पेनमधील यादवीच्या काळीं, मालागा शहर फ्रँकोच्या सैन्याच्या हातीं पडलें आणि एका इंग्रजी वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून तेथें गेलेला कोस्लर पकडला गेला. पुढचे सुमारें तीन महिने त्यानें मरणाच्या छायेंत काढिले. त्यांतील बहुतेक काळ तो सेव्हिलच्या तुरुंगांत होता. तेथें रात्रीं कोठड्या उघडून कैद्यांस गोळ्या घालण्यासाठीं बाहेर नेत, तें तो भिंतीआडून ऐकत असे. इकडे लंडनांत त्याच्या पत्नीनें, वृत्तपत्रानें आणि पार्लमेंटच्या सभासदांनीं त्याच्यासाठीं ओरड केली, व अखेर फ्रँकोच्या एका नामांकित वैमानिकाच्या पत्नीच्या मोबदल्यांत त्याची सुटका झाली. म्हणजे ज्या प्रकारच्या चळवळीचा आम्ही विचार करीत आहों, तिनें वांचविलेला हा माणूस होता.

परंतु त्याच्या शेजारच्या कोठड्यांतून जे नेले गेले, त्यांचें नांव लंडनांत कोणास माहीत नव्हतें. त्या दिवसांवर कोस्लरनें जें पुस्तक लिहिलें, तें त्यानें निकोलस नांवाच्या एका अँडलूशियन शेतकऱ्यास अर्पण केलें आहे. हा निकोलस त्याच तुरुंगांत होता, आणि त्याला गोळी घालण्यांत आली. ही अर्पणपत्रिका आम्हांस त्या पुस्तकांतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर वाटते. आपल्यासाठीं जग हाललें आणि याच्यासाठीं हाललें नाहीं, हें ऋण मनांत बाळगून कोस्लर पुढें फांशीविरुद्धच्या लढ्यांत उतरला. १९५५ सालीं इंग्लंडांत मृत्युदंड रद्द करविण्यासाठीं जी राष्ट्रीय चळवळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत प्रकाशक व्हिक्टर गोलांझ याच्याबरोबर तो होता.

असें असूनही त्याच्या निबंधांत आत्मकथेचा सूर फार थोडा आहे. त्याचें मुख्य शस्त्र उपहास हें होय, आणि त्या उपहासाचें लक्ष्य इंग्लंडचे न्यायाधीश. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस देहांताची शिक्षा होती. दुकानांतून पांच शिलिंगांचा माल चोरणारास तरी फांशी देऊं नये, असें सर सॅम्युअल रोमिलीचें विधेयक १८१० सालीं आलें, तेव्हां सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यानें तें हाणून पाडण्यास साह्य केलें. एवढी सवलत दिली तर कोणाचीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाहीं, अशी त्या पक्षाची भीति होती. कोस्लर हीं उदाहरणें एकामागून एक मांडीत जातो. प्रत्येक सुधारणेच्या वेळीं तेच भय, तोच विरोध. आणि सुधारणा झाल्यावर आकाश कोसळलें नाहीं, हाच अनुभव. येथें त्याची लेखणी इतकी चपळ आहे कीं, कायद्याच्या इतिहासासारखा रुक्ष विषय वाचक एका बैठकींत संपवितो.

निबंधाचा दुसरा आधार म्हणजे न्यायाची चूक. टिमथी एव्हन्स या तरुणास आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल मार्च १९५० त फांशी देण्यांत आली. त्याच घरांत राहणाऱ्या ख्रिस्ती नांवाच्या इसमाविरुद्ध तो अखेरपर्यंत ओरडत होता, आणि तोच ख्रिस्ती खटल्यांत सरकारपक्षाचा साक्षीदार होता. १९५३ सालीं त्याच घरांतून अनेक स्त्रियांचीं प्रेतें निघालीं, आणि ख्रिस्तीनें खुनांची कबुली दिली. त्यांत एव्हन्सच्या पत्नीचाही खून होता. एव्हन्सला १९६६ सालीं मरणोत्तर माफी मिळाली. असल्या प्रकरणापुढें कोणाही समंजस वाचकाचें मन डळमळल्यावांचून राहणार नाहीं.

पण नेमका येथेंच आम्हांस कोस्लरच्या निबंधाचा दुबळेपणा जाणवतो. चुकीच्या मुद्द्यावर जितका भर द्यावा, तितका प्रतिपक्षी असें म्हणण्यास मोकळा राहतो कीं, ठीक आहे, आम्ही अधिक काळजीपूर्वक चौकशी करूं, पुरावा पुरता सिद्ध असेल तेथेंच फांशी देऊं. मग तुमची हरकत काय? या प्रश्नाचें उत्तर एव्हन्सच्या प्रकरणांतून मिळत नाहीं. त्यासाठीं रूथ एलिसकडे जावें लागतें. आपल्या प्रियकरास ठार करण्याचाच आपला हेतु होता, असें या स्त्रीनें भर कोर्टांत सांगितलें, आणि जुलै १९५५ त ती फांशी गेली. तिच्या अपराधाविषयीं कोणास तिळमात्र शंका नव्हती. तरी इंग्रज समाज त्या सकाळीं अस्वस्थ झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वर उल्लेखिलेली चळवळ स्थापन झाली. लोकांच्या मनास जें टोंचलें तें चुकीचें भय नव्हतें. त्या कृत्याचीच शिसारी होती. कोस्लरची बुद्धि या शिसारीच्या कांठापर्यंत येते आणि पुन्हा आंकड्यांकडे व उपहासाकडे वळते.

कामूचा निबंध ती शिसारी घेऊनच सुरू होतो. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं अल्जीयर्स येथें एका खुन्यास शिरच्छेदाची शिक्षा झाली होती. त्यानें एक शेतकरी कुटुंब मुलांसकट मारलें होतें. मुलांच्या हत्येनें संतापलेला कामूचा पिता तो शिरच्छेद पाहण्यासाठीं अंधारांत उठून शहराच्या दुसऱ्या टोंकास गेला. परत आला तो विद्रूप झालेल्या चेहऱ्यानें. कोणाशीं एक शब्द न बोलतां बिछान्यावर पडला आणि ओकूं लागला. एवढीच कथा. पिता पुढें युद्धांत मेला आणि मुलास ही हकीकत आईकडून कळली. कामूनें ती आपल्या कादंबऱ्यांतही योजिली आहे, यावरून ती त्याच्या मनांत किती खोल रुतली होती हें दिसतें.

या आरंभाचें मोल कशांत आहे तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. व्हिक्टर ह्यूगोनें १८२९ सालीं देहदंड झालेल्या माणसाच्या अखेरच्या दिवसावर जी कादंबरी लिहिली, तींत त्यानें कैद्याचें नांव सांगितलें नाहीं आणि त्याचा गुन्हाही जवळजवळ झांकून ठेविला. त्यामुळें वाचकाची करुणा मोकळेपणें वाहूं शकली, हें खरें. पण ती करुणा थोडी स्वस्तांत मिळविलेली होती, असें म्हणणें भाग आहे. कामू अशी सोय घेत नाहीं. तो मेलेलीं मुलें आधीं पुढें ठेवितो, पित्याचा संताप योग्य होता हें मान्य करितो, आणि मग तोच संतप्त न्यायप्रिय माणूस न्याय पाहून ओकला, हें दाखवितो. येथें अपराध्याच्या बाजूनें कोणतीही वकिली नाहीं. साक्ष दिली आहे ती फिर्यादीच्याच साक्षीदारानें.

पुढील युक्तिवादही याच मुळांतून वाढतो. शिक्षा जर दहशत बसविण्यासाठीं असेल, तर १९३९ पासून फ्रान्सनें ती तुरुंगाच्या भिंतीआड कां लपविली? ती जर खुनाची परतफेड असेल, तर दोन्ही पारडीं समान नाहींत. कारण खुनी सहसा आपल्या बळीस दिवस नेमून देऊन महिनोन् महिने कोंडून ठेवीत नाहीं, राज्य मात्र तसें करितें. प्रतीक्षेंतील हें रोजचें मरण, हा कामूचा सर्वांत भक्कम मुद्दा आम्हांस वाटतो, आणि तो निरपराधाइतकाच अपराध्यासही लागू पडतो. तो अपराध्यास सोडून द्या असें म्हणत नाहीं. जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा द्यावी, असें त्याचें स्पष्ट सांगणें आहे.

या निबंधांत दोष नाहींत असें नव्हे. ब्रिस्टलच्या तुरुंगांतील देहदंड झालेल्या १६७ कैद्यांपैकीं १६४ जणांनीं पूर्वीं कधींतरी फांशी पाहिली होती, असा एक आंकडा कामू देतो, आणि फांशीच्या देखाव्यानें कोणी गुन्ह्यापासून परावृत्त होत नाहीं असा निष्कर्ष त्यावरून काढूं पाहतो. ज्या काळीं फांशी हा चव्हाट्यावरचा तमाशा होता, त्या काळीं ती पाहून पुढें सुतासारखे सरळ वागलेले किती, हें कळल्यावांचून या आंकड्यास कांहीं अर्थ नाहीं. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. शिक्षा रद्दच करवत नसेल तर निदान गुंगीचें औषध देऊन मरण सुसह्य करावें, अशी तडजोड तो शेवटीं सुचवितो. खुद्द गिलोटिन १७९२ सालीं दयेचें यंत्र म्हणूनच आलें होतें. आणि अमेरिकेंत १९८२ पासून विषाच्या सुईनें मारण्याची पद्धति सुरू झाली, तिनेंही मृत्युदंडास सभ्यतेचा बुरखा देऊन त्याचें आयुष्य वाढविलेंच. कामूच्या लक्षांत हें यावयास हवें होतें.

तिसरी उणीव आम्हांस सर्वांत अधिक खटकते. निबंधाचा आरंभ अल्जीयर्सचा, आणि तो छापला जात होता त्याच वर्षीं अल्जीयर्सच्या तुरुंगांत गिलोटिन अखंड चालू होतें. फेर्नां इव्हतों या कामगारानें कारखान्यांत बाँब ठेविला, पण तो फुटण्यापूर्वींच सांपडला. कोणासही इजा झाली नाहीं. नोव्हेंबर १९५६ त त्यास पकडून त्याचा छळ करण्यांत आला. दहा दिवसांच्या आंत लष्करी न्यायालयापुढें खटला उभा राहिला आणि एका दिवसांत देहांताची शिक्षा ठोठावली गेली. ११ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्याचें शिर उडविलें. कामू या प्रकरणाचा निर्देश करितो, पण ओझरताच. इव्हतोंच्या आगेंमागें त्याच पात्याखालीं गेलेल्या अल्जीरियन देशभक्तांचें सविस्तर विवेचन या निबंधांत नाहीं. अनेकांच्या दयेसाठीं कामूनें खासगी पत्रें लिहिलीं, हें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. पण खासगी पत्रांत जें लिहितां आलें तें निबंधांत कां आलें नाहीं, ही रुखरुख उरते. इव्हतोंच्या वेळीं फ्रान्सचा न्यायमंत्री असलेला आणि दयेस प्रतिकूल राहिलेला मित्तेराँ पुढें राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्याच कारकीर्दींत १९८१ सालीं, न्यायमंत्री रोबेर बादँतेर याच्या हस्तें, गिलोटिन कायमचें बंद झालें. माणसें बदलतात, पण मेलेल्यांस त्या बदलाचा लाभ होत नाहीं.

तथापि कामूनें आमची कसोटी एकदां पुरतेपणीं पार केली होती, हें नमूद केलें नाहीं तर अन्याय होईल. रोबेर ब्राझियाक हा लेखक जर्मनांच्या ताब्यांतील फ्रान्सांत नाझींच्या बाजूनें विषारी लिखाण करीत होता. फ्रान्स मुक्त झाल्यावर त्यास देहांताची शिक्षा झाली. कामू स्वतः प्रतिकारदलाच्या वृत्तपत्राचा संपादक. अशा लोकांस कठोर शिक्षा व्हावी असें त्यानेंच लिहिलें होतें. जानेवारी १९४५ त ब्राझियाकसाठीं दयेचा अर्ज त्याच्याकडे सहीसाठीं आला, तेव्हां बऱ्याच मनःक्षोभानंतर त्यानें सही केली. आणि त्या माणसाविषयींचा आपला तिरस्कार यत्किंचितही उणा झालेला नाहीं, हेंही कळविलें. ब्राझियाक ६ फेब्रुवारीस गोळीस बळी पडला. गिलोटिनवरील निबंधांतील तत्त्व त्या सहींत बारा वर्षें आधींच लिहिलें गेलें होतें.

पुढील चळवळीनेंही हाच रस्ता धरिला. कोस्लरचे लेख ज्या लंडनच्या साप्ताहिकांत आले होते, त्याच 'ऑब्झर्व्हर' मध्यें पीटर बेनेन्सन यानें १९६१ सालीं विस्मृत कैद्यांविषयीं लेख लिहिला, आणि त्यांतून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था जन्मली. आरंभीं तिचा भर, ज्यांनीं हिंसा केली नाहीं आणि केवळ मतासाठीं जे तुरुंगांत पडले, अशांवर होता. १९७७ सालीं स्टॉकहोम येथील परिषदेंत मात्र तिनें कोणताही अपवाद न ठेवितां मृत्युदंडास विरोध जाहीर केला. निरपराधापासून अपराध्यापर्यंत पोहोंचण्यास चळवळीस इतका काळ लागला, यावरून ती वाट किती चढणीची आहे याची कल्पना येईल.

हा सर्व परदेशचा पाल्हाळ आम्हांस कशाला, असें कोणी विचारील. ज्या इंग्रजी फांसाचा कोस्लरनें उपहास केला, तो इंग्लंडनें १९६५ त थांबविला व १९६९ त कायमचा टाकून दिला; आपण तो २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही शब्दशः जपला आहे. २००७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें देहदंडाच्या अंमलबजावणीस स्थगिति देण्याचा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनीं संमत केला. त्या ५४ मतांत भारताचें एक होतें. आणि चुकीच्या भयाविषयीं म्हणाल, तर नाशिक जिल्ह्यांतील २००३ सालच्या हत्याकांडाचें उदाहरण आपल्या दारांत आहे. त्यांत भटक्या जमातींतील सहा पुरुषांस गोवण्यांत आलें. उच्च न्यायालयानें तिघांची फांशी जन्मठेपेवर आणली, तर सर्वोच्च न्यायालयानें २००९ त त्या तिघांसही फांशी सुनावली. आणि त्याच न्यायालयानें मार्च २०१९ त सहाही जणांस निर्दोष ठरविलें. हल्ल्यांतून वांचलेल्या स्त्रीनें पोलिसांच्या छायाचित्रांतून आरंभीं निराळ्याच चौघांस ओळखलें होतें, ही गोष्ट तोंपर्यंत उपेक्षित राहिली होती. या सहा जणांसाठीं कोणत्याही राजधानींत मिरवणूक निघाली नाहीं. ते सेव्हिलच्या निकोलसच्या जातीचे होते.

परंतु या उदाहरणावर थांबलों, तर आम्हीही कोस्लरच्याच चुकीचे भागीदार होऊं. ते सहा जण खरेच अपराधी असते तर काय, हा प्रश्न उरतोच. त्याचें अर्धें उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१४ त दिलें आहे. दयेच्या अर्जावर अवाजवी विलंब लावून माणसास मरणाच्या दारांत तिष्ठत ठेवणें हेंच फांशी रद्द करण्यास पुरेसें कारण होय, असें ठरवून त्यानें पंधरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्या पंधरांच्या अपराधाविषयीं न्यायालयास संदेह नव्हता. प्रतीक्षेच्या यातनेवरील कामूचा मुद्दा येथें कायद्याच्या भाषेंत मान्य झाला आहे. उरलेलें अर्धें उत्तर अद्याप यावयाचें आहे.

एकंदरींत पाहतां, कोस्लरचा निबंध त्याच्या काळाचें काम चोख बजावून इतिहासजमा होण्याच्या पंथास लागला आहे. इंग्लंडचा कायदा बदलला आणि त्या उपहासाचें लक्ष्यच नाहींसें झालें. हा त्याचा विजयच होय, आणि कोणाही प्रचारक लेखकानें हेवा करावा असा. कामूचा निबंध, त्याच्या तिन्ही दोषांसह, अजून जिवंत आहे. कारण त्यानें आपला दावा निरपराधाच्या खांद्यावर ठेविला नाहीं. आपल्या वाचकांनीं दोन्ही वाचावे, पण कामूचा निबंध वाचतांना स्वतःस एक प्रश्न विचारावा: आपणांस ज्याची मनस्वी किळस येते अशा माणसाच्या दयेचा अर्ज उद्यां आपल्यापुढें आला, तर आपण सही करूं काय? ज्याचें उत्तर लगेच होय असें येईल, त्यानें तो निबंध पुरता वाचला नाहीं असें आम्ही समजूं. आणि ज्याचें उत्तर लगेच नाहीं असें येईल, त्यानें तो पुन्हा एकदां उघडावा.